पडद्यावरचे सर कुणाकडे बघतात?

वरोऱ्याजवळच्या आनंदवनात एकाच आवारात अंध मुलांची शाळा आहे आणि कर्णबधिर मुलांचीही. समजा, एखाद्या दिवशी या दोन्ही शाळांत एकाच तासाला प्रकाशसंश्लेषणाचा एकच व्हिडिओ लावला. हिरव्यागार पानावर पिवळे किरण पडताहेत, पानाच्या छिद्रांतून निळे ठिपके आत शिरताहेत, मुळांकडून पाणी वर चढतंय, आणि मागून एक गोड आवाज हे सगळं समजावतोय. पहिल्या वर्गात नुसता आवाज पोचेल. 'बघा, हा वायू इथून आत गेला' असं तो म्हणेल, तेव्हा 'इथून' म्हणजे कुठून हे वर्गात कुणालाच कळणार नाही. दुसऱ्या वर्गात किरण आणि ठिपके पोचतील, पण ठिपके कशाचे आणि ते आत का शिरले, याचा पत्ता लागणार नाही.

आता तिसरा वर्ग घ्या. तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली साधी प्राथमिक शाळा. भिंतीवर टीव्ही, धूळ बसू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आणि इंटरनेट मॅडमच्या स्वतःच्या मोबाइलचं. धडा सुरू होण्याआधी कुठल्यातरी गेमची जाहिरात लागते आणि मुलांना धड्याआधी तीच पाठ होते. इथल्या मुलांना दिसतंही आणि ऐकूही येतं. म्हणून सगळं पोचलं, असं आपण धरून चालतो. गोची आहे ती या धरून चालण्यात, आणि ती काही यंत्राची नाही. भारतातल्या जवळपास प्रत्येक धर्मपरंपरेला या प्रश्नाशी झुंजावं लागलं आहे: गुरू समोर नसताना ज्ञान पोचतं का? आणि पोचत असेल, तर नेमकं काय पोचतं?

व्हिडिओ आपल्या वर्गात करोनाच्या साथीत आला, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले होते. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवून पानाला व्हिडिओ जोडला. ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत गेली आणि डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणा केला. पडद्यावर फळ्यासमोर उभे राहून शिकवणारे गुरुजी त्यांनी आणलेच नाहीत. घरातली माणसं, घरातल्या वस्तू आणि त्यांच्याशी करायच्या कृती आणल्या. गुरूची नक्कल पडद्यावर उभी केली तर ती तोकडी पडेल, हे त्यांना उमगलं असावं.

व्हिडिओची बाजू घेणारे हमखास एकलव्याचं नाव घेतात. द्रोणांनी नाकारलेल्या त्या निषाद मुलानं मातीचा द्रोण केला, त्याच्यासमोर सराव केला आणि अर्जुनाच्या पोटात गोळा आणला. मातीच्या गुरूवर जर हे साधतं, तर हलत्या-बोलत्या गुरूवर का नाही साधणार? युक्तिवाद देखणा आहे. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याला वेगळी धार येते. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारनं १९९७-९८ पासून ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांना नाव दिलं एकलव्याचं. ज्याला कुणी शाळेत घेतलं नाही, त्याचंच नाव शाळेच्या कमानीवर. नाव देणाऱ्यांना हे जाणवलं होतं की नाही, कोण जाणे.

पण गोष्ट पुरती वाचली तर तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे एकलव्याची तहान मूर्तीच्या आधीची होती. तो शिकायचं ठरवून आला होता आणि नकार पचवून परतला होता. शाळा मात्र ज्यांना अजून तहान लागलेलीच नाही त्यांच्यासाठीही असते, किंबहुना मुख्यतः त्यांच्यासाठीच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धनुर्विद्येत चूक लपत नाही. बाण लागला की कळतं, हुकला की कळतं. मातीचा द्रोण गप्प बसला तरी चालून गेलं, कारण समोरचं लक्ष्यच चूक दाखवत होतं. 'झाडाचं लाकूड मातीतून बनतं' असं मनाशी धरून बसलेल्या सातवीतल्या मुलीला तिची चूक कोण दाखवणार? तिनं व्हिडिओ पाहिला, मुळातून वर चढणारं पाणी पाहिलं, आणि 'हेच तर मी म्हणत होते' असं म्हणून ती खूश झाली.

हे कल्पनेतलं नाही. 'व्हेरिटासियम' या गाजलेल्या विज्ञान-वाहिनीचा कर्ता डेरेक म्युलर यानं सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत नेमकं हेच तपासलं. भौतिकशास्त्राचे सोपे, सुटसुटीत, निर्दोष व्हिडिओ मुलांना दाखवले. मुलं म्हणाली, छान होते, स्पष्ट होते. चाचणी घेतली तर गुण जेमतेम हलले होते. आधीच्या चुकीच्या समजुती तशाच होत्या, आणि त्याबद्दलचा आत्मविश्वास उलट वाढला होता. मग त्यानं दुसरे व्हिडिओ दाखवले. त्यांत एक पात्र आधी चुकीची समजूत बोलून दाखवायचं, मग त्यावर वाद व्हायचा. मुलांना हे व्हिडिओ गोंधळाचे वाटले, पण गुण मात्र यांनीच वाढवले.

सिडनीला जो मुद्दा २००८ साली हाती लागला, तो आपल्याकडच्या शास्त्रकारांच्या अंगवळणी पडलेला होता. आधी पूर्वपक्ष, मग सिद्धांत. प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही, हा वादाचा धर्म. उपनिषदं संवादात आहेत, गीता संवादात आहे, मिलिंद राजा आणि नागसेन यांचा पाली ग्रंथ तर राजाच्या आडव्यातिडव्या शंकांवरच उभा आहे. सॉक्रेटिसाची लिखित मजकुराबद्दल तक्रार हीच होती, की त्याला प्रश्न विचारला तर तो तेच ते उत्तर पुन्हा देतो. इंटरनेटवरचे बहुतेक शैक्षणिक व्हिडिओ नुसता सिद्धांत सांगतात. पूर्वपक्ष मुलाच्या डोक्यात असतो, आणि तिथं पडद्याचा हात पोचत नाही.

वारकरी परंपरेतली गोरोबाकाकांची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेरला संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरा कुंभारानं मडकी थापायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाला. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले, आणि मडकं कच्चं ठरलं. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो त्या नामदेवालाही गुरू करावा लागला, असं सांगण्यासाठी ही गोष्ट वापरतात. शिक्षकाच्या नजरेनं पाहिलं तर तीत आणखी एक बारकावा आहे. गोरोबानं उपदेशाचा एक शब्दही उच्चारला नाही. त्यानं फक्त ठोकलं आणि आवाज ऐकला. चांगला शिक्षक 'समजलं का?' असं विचारतो आणि अख्खा वर्ग एका सुरात 'होऽऽ' म्हणतो, तेव्हा त्या 'हो'मधलं पोकळ मडकं त्याला ऐकू येतं. व्हिडिओला ठोकता येत नाही. त्याला फक्त बोलता येतं.

तर मग गुरू देहानं समोर हवाच, असं म्हणून विषय मिटवावा का? इतिहास तसं करू देत नाही.

ज्ञानेश्वरी घ्या. नेवाशाला १२९० साली झालेल्या त्या निरूपणाचं लेखन सच्चिदानंदबाबांनी केलं, असं परंपरा मानते. म्हणजे आजच्या भाषेत ते एका चालू वर्गाचं ध्वनिमुद्रणच. सातशे वर्षं लोक ते वाचताहेत, पारायणं करताहेत आणि ज्ञानोबांना माउली म्हणताहेत. पण त्या 'मुद्रणा'त श्रोतेही आहेत. ज्ञानेश्वर त्यांच्याकडे अवधान मागतात, त्यांची मनधरणी करतात, समोर बसलेल्या निवृत्तिनाथांचा अंदाज घेतात. वर्ग जिवंत होता आणि लिहिताना तो पुसून टाकला नाही, म्हणून आजच्या वाचकालाही त्या बैठकीत जागा मिळते. स्टुडिओत कॅमेऱ्याकडे बघून, समोर एकही मूल नसताना दिलेल्या धड्यात ही जागा कुठून आणायची?

दुसरं उदाहरण अधिक जवळचं आहे, आणि ते एकलव्याच्या गोष्टीपेक्षा किती तरी कामाचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. फुले तर बाबासाहेबांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८९० मध्ये गेले. बुद्धाची गाठ पडली ती पुस्तकातून. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी मॅट्रिक झालेल्या मुलाला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. शतकानुशतकांच्या अंतरावरून गुरू करता येतो, याचा याहून मोठा पुरावा आधुनिक महाराष्ट्रात नाही. खुद्द बुद्धानंही शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितलं होतं, की माझ्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते. आणि तरीही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब भिक्खू चंद्रमणी यांच्यासमोर उभे राहिले, त्यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली, आणि मग स्वतः लाखोंना दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, प्रकृती खालावलेली असताना ते चंद्रपूरला आले. रेडिओ त्या काळी होता, छापखाने होते, बाबासाहेबांचं भाषण घरोघर पोचवता आलं असतं. पण लोक पायी, बैलगाडीनं, मिळेल त्या वाहनानं आले, आणि बाबासाहेबही त्यांच्यासमोर आले.

म्हणजे गुरूकडून मिळणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचार लांबून मिळतो. पुस्तकातून, ध्वनिफितीतून, पडद्यावरूनही मिळतो, आणि कधी कधी जवळच्या मास्तरापेक्षा उत्तम मिळतो. प्रतिज्ञा मात्र समोरासमोर होते. मी हे शिकेन, मी हे वागेन, असं म्हणायला ऐकणारं माणूस लागतं. मुलाचा रोजचा गृहपाठ ही छोटी प्रतिज्ञाच असते. कापूस वेचणीच्या दिवसांत सोमवारी वर्गात नसलेल्या मुलीला मंगळवारी 'काल कुठे होतीस गं?' असं विचारलं जातं, तेव्हा तिच्या असण्यानसण्यानं कुणाला तरी फरक पडतो एवढं तिला कळतं. व्हिडिओ सोमवारीही चालू होता आणि मंगळवारीही.

याच वरोऱ्यात, ज्यांच्यामुळे हे नाव जगाला कळलं त्या बाबा आमट्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती अशीच. पावसात गटाराशी पडलेला, कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. ती भीती जिव्हारी लागली, म्हणून परतले. त्याच माणसाचं छायाचित्र त्यांनी एखाद्या मासिकात पाहिलं असतं तर पान उलटून चाललं असतं. फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेविनास यानं नीतीचा उगमच समोरच्या चेहऱ्यात शोधला: समोरचा चेहरा आपल्याकडे बघतो आणि आपल्यावर जबाबदारी येऊन पडते. देवळात आपण देवाला बघायला जातो तेव्हा देवही आपल्याला बघतो असं मानलं जातं. म्हणून तर मूर्तीचे डोळे इतके टपोरे. पडद्यावरचे सर कॅमेऱ्याकडे बघतात. चौथ्या बाकावरचा पोरगा आपल्याकडे कुणी बघत नाही हे पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो. पोराचं काही चुकत नाही.

वेळेचाही एक मुद्दा आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी यायला सांगतो. सकाळी मीठ सापडत नाही. मग वरून, मधून, तळातून घोट घ्यायला लावतो. मधली ती रात्र शिकवण्याचाच भाग आहे. हाच प्रयोग आज पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत होतो, आणि खारट मात्र कुणाच्याच जिभेला लागत नाही. वरोऱ्याहून रेल्वेनं वर्धा फार लांब नाही. तिथं ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताला काम देऊन डोकं जागं करण्याची. बाबा आमटेही सेवाग्रामच्या त्या वातावरणात राहून आलेले. आनंदवन उभं राहिलं ते कुष्ठरुग्णांच्या, बोटं झडलेल्या हातांच्या श्रमावर. या मातीत शिकणं म्हणजे नुसतं बघणं, हे पटवणं अवघडच जावं.

याच न्यायानं काय दाखवायचं आणि काय नाही, हेही ठरवता येतं. धडधडणारं हृदय आतून कसं दिसतं, ज्वालामुखी कसा फुटतो, देवमासा पाण्यात कसा वळतो, हे व्हिडिओनंच दाखवावं, खडूनं दाखवण्याचा हट्ट धरू नये. पण अजिंठ्याचा व्हिडिओ लावताना शेजारच्या भद्रावतीला विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत आणि सहल तिथं एका दिवसात जाऊन येते, हे गुरुजींना आठवावं. दगडी कोळसा कसा तयार होतो याचं ॲनिमेशन वरोऱ्याच्या मुलांना दाखवून तास संपवणं हा तर विनोद आहे. इंग्रजांच्या काळात खुद्द वरोऱ्यात कोळशाची खाण होती, आणि आजही वर्धा खोऱ्यातल्या खाणींत कामाला जाणाऱ्यांची मुलं त्याच बाकांवर बसलेली असतात. त्यांच्या वडिलांना एक तास वर्गात बोलवा.

आणि आता पुन्हा आनंदवनातल्या त्या दोन शाळांकडे, कारण आतापर्यंतचं सगळं म्हणणं तिथं थोडं उलटं होतं.

ऐकू येणाऱ्यांच्या भाषेला लिपी आहे. सांकेतिक भाषेला रोजच्या वापरातली लिपी नाही. हात, चेहरा, भुवया, खांदे यांनी बोलली जाणारी ही भाषा कागदावर उतरत नाही. उतरते ती फक्त व्हिडिओत. म्हणजे कर्णबधिर मुलासाठी व्हिडिओ ही गुरूची फिकी नक्कल राहत नाही, तो त्याचा ग्रंथ ठरतो. ज्यांना पुस्तकं हजारो वर्षं मिळत आली, त्यांनी व्हिडिओला निर्जीव म्हणून नाक मुरडावं हे सोपं आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव करून बधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली आणि पुढची कित्येक दशकं मुलांना ओठ वाचायला जुंपलं. त्या अन्यायाची भरपाई आता कुठे सुरू झाली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीईआरटीनं भारतीय सांकेतिक भाषा केंद्राबरोबर शालेय पुस्तकं या भाषेत आणण्याचा करार केला, आणि ६ डिसेंबर २०२४ ला पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी खास भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली.

पण याच वर्गात एक अडचण आहे, आणि ती सगळ्या वर्गांना शिकवून जाणारी आहे. ऐकू येणाऱ्या मुलांच्या वर्गात व्हिडिओ चालू ठेवून मॅडम वरून बोलू शकतात. कर्णबधिर मुलाला ते चालत नाही. मॅडमच्या हातांकडे बघायचं तर पडद्यावरून नजर काढावीच लागते, आणि तेवढ्यात पडदा पुढे निघून जातो. म्हणून तिथं व्हिडिओ थांबवावाच लागतो. थांबवायचा, दिवा लावायचा, मुलांकडे वळायचं, काय पाहिलं ते विचारायचं, चुकलेलं उत्तर ऐकायचं, मग पुढे. अंध मुलांच्या वर्गातही तेच. 'इथून' म्हणजे कुठून ते सांगायला पान हातात द्यावं लागतं, त्याची खालची बाजू बोटांनी चाचपायला लावावी लागते. या दोन्ही वर्गांत शिक्षकाला पडद्याच्या मागे लपता येत नाही. ज्या वर्गात सगळ्यांना दिसतं आणि ऐकू येतं, तिथंच फक्त व्हिडिओ लावून खुर्चीवर टेकता येतं. व्हिडिओ कसा वापरावा याचं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या शिक्षकांना द्यायचं असेल, तर एखादं सत्र अशा विशेष शाळांत घ्यायला हरकत नाही.

एकलव्याच्या गोष्टीतली तिसरी खटकणारी गोष्ट राहिली. ज्यानं काहीही शिकवलं नव्हतं, त्यानं येऊन अंगठा मागितला. आजही फुकट मिळणारा धडा फुकट नसतो. एक व्हिडिओ संपता संपता दुसरा आपोआप सुरू होतो, तो धड्याचा असेलच असं नाही, आणि दक्षिणा मुलांच्या अवधानातून वसूल होते. ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे तेच मागितलं होतं, पण हात जोडून. यावर उपाय साधा आहे, आणि अनेक शिक्षक तो करतातही: धडा घरी उतरवून घ्यायचा, पेनड्राइव्हवर आणायचा, हवा तेवढाच दाखवायचा.

मोठी दक्षिणा मात्र दुसरीकडेच मागितली जाते आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार राज्य शासनानं पुढे आणला. जंगलपट्ट्यातल्या किती तरी शाळांचा पट तेवढाच आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथल्या मुलांनी रोज दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं कसं, याचं उत्तर कधी कधी 'टॅब देऊ, टीव्ही देऊ' असं मिळतं. हेमलकशाला १९७६ साली लोकबिरादरीची शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात माडिया बोलणारी मुलं होती आणि पुस्तकं मराठीत. तिथं आधी लागला तो मुलांचं बोलणं समजून घेणारा माणूस. माडिया मुलांना मराठी व्हिडिओ लावून देणं आणि कर्णबधिर मुलांना आवाजाची फीत लावून देणं, यात फरक फार नाही. टीव्ही द्यावा, टॅब द्यावा, नेटवर्क तर द्यावंच. पण शिक्षकाचं पद रिकामं ठेवून त्याच्या बदल्यात पडदा देणं ही डिजिटल प्रगती नाही. ती पदकपात आहे, आणि शिक्षण खात्यानं तिची नोंद त्याच नावानं करावी.